नंदीचे वशिंड

तारापूरच्या दक्षिणेस, खाडी जिथे समुद्राच्या स्वाधीन होते तिथे मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांचे एक जुने गाव आहे. गावासमोर पाण्याखाली एका अंगाला खडकांची रांग आणि दुसऱ्या अंगाला वाळूचा दांडा आहे. दोहोंच्या मधून एका वेळी एक होडी निर्वेध आत यावी एवढीच वाट. या वाटेची खूण पाण्यावर सापडत नाही, ती पूर्वेच्या क्षितिजावर शोधावी लागते. होडी किनाऱ्यापासून पुरेशी दूर गेली आणि होडीच्या म्होरक्याने, तांडेलाने, मागे वळून पाहिले, की डोंगरांच्या निळसर ओळीत एक बसलेला बैल दिसू लागतो. शिंगे उत्तरेला, शेपूट दक्षिणेला, मानेमागे एक खाच, आणि त्या खाचेतून वर आलेले वाटोळे, भरदार वशिंड. गाव त्याला नंदी म्हणते.

वशिंड खाचेत नीट बसलेले असले म्हणजे होडी वाटेवर आहे. ते शेपटाकडे सरकले तर पुढे खडक आहेत, शिंगांकडे सरकले तर वाळू आहे. देव बसल्या जागी वशिंड हलवून आपल्या लेकरांना सावध करतो, अशी त्या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. किनाऱ्यावरून मात्र ते दिसत नाही. तिथून नुसते डोके, मान आणि पाठ दिसते. घरी आलेल्या लेकरांना सावध करण्याचे कारण नसते, म्हणून देव वशिंड झाकून घेतो, असे जुने लोक सांगत. पर्वतांना एके काळी पंख होते ही कथा आपल्याकडे सर्वांनी ऐकलेली. मग एखाद्या पर्वताने वशिंड हलवले तर त्यात नवल ते काय?

कमलाकांत तांडेलाने या नंदीला नवस बोलून पुष्कळ वर्षे झाली होती. त्या वादळात होडीवर चौघे होते. इंजिन बंद पडलेले, होकायंत्र फुटलेले, आणि आभाळ पाण्याला टेकलेले. लाटांनी होडी कुठे नेली हे कुणालाच कळत नव्हते. इतक्यात पूर्वेचे ढग फाटले आणि नंदी दिसला. वशिंड मानेच्या खाचेत अगदी नेमके. चौघांनी टोप्या काढून हात जोडले आणि एकाच तोंडाने बोलल्यासारखे बोलले, "देवा, आत घे. तुज्या वशिंडावर नारळ फोडू." वारा मागून होता. त्या एका रेषेवर होडी धरून ते खाडीत आले.

नवस राहिला. डोंगर कुठे पळून जात नाही, या विश्वासाने राहिला. मासेमारीचा हंगाम संपला की जाळी विणायची, जाळी विणून झाली की हंगाम. समुद्रावर पोट असलेल्या माणसाला डोंगर चढायला सवड कोण देणार? चौघांपैकी दोघे काळाच्या ओघात गेले. तिसरा रामनाथ गेल्या मार्गशीर्षात गेला. ओटीवरच्या बाजेवर पडल्या पडल्या तो पूर्वेकडे पाहून हात जोडी. शेवटी कमलाकांताचा हात धरून एवढेच म्हणाला, "नारळ राहिला रे, कमळ्या."

"तुज्या वरसाच्या आत फोडतो," कमलाकांत म्हणाला. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द होता तो, आणि वर्षश्राद्ध आता जवळ आले होते. कमलाकांताचे गुडघे कुरकुरत होते. यंदा झाले नाही तर पुन्हा होणार नाही, हे सांगायला वैद्याची गरज नव्हती.

कार्तिकातल्या एका सकाळी रामनाथाची विधवा बायडी स्वतः नारळ घेऊन आली. नारळ तिच्या परसातल्या, रामनाथाने लावलेल्या माडाचा होता.

"भावजी, अर्धा देवाला, अर्धा परत आणा," ती म्हणाली. "वरसाच्या दिवशी त्याच्या पानावर परसाद ठेवायचा हाय. त्याशिवाय त्याचा जीव सुटायचा नाय."

"आणतो, वयनी."

"गुडघे धड हायत का? का नारळाआधी तुमीच फुटाल?"

कमलाकांताची बायको जमना आतून हसली. कमलाकांत हसला नाही. त्याने नारळ पिशवीत ठेवला आणि नात किंजलला स्कूटर काढायला सांगितले.

किंजल पालघरच्या कॉलेजात भूगोल शिकत होती. आजाला डोंगरावर नेण्याचे काम तिने आपणहून घेतले होते.

"आजा, नेमका कुठला डोंगर? बोईसरच्या पुढं तर रांगच हाय," तिने स्कूटर चालवता चालवता विचारले.

"सगळ्यांत उंच असंल तो."

"देशातला सगळ्यांत उंच कांचनगंगा. सिक्कीममध्ये."

"तो आपल्याला दिसत नाय," कमलाकांत म्हणाला, आणि तो विषय त्याच्यापुरता मिटला.

कुंभवलीचे कारखाने मागे पडेपर्यंत धुराने डोंगर धूसर होते. पुढे एका टपरीवर ते चहाला थांबले. पाळी संपवून आलेले चार कामगार बाकावर बसले होते. कमलाकांताने त्यांना नंदीचा डोंगर कोणता ते विचारले.

"चाचा, अपने को तो सब एक जैसा दिखता है," त्यांतला एक म्हणाला. "नंदी तो मंदिर में मिलेगा."

कमलाकांताने डोंगरांकडे निरखून पाहिले. समुद्रावरून ज्याच्या अंगाची प्रत्येक वळी त्याला पाठ होती तो नंदी इथून ओळखू येत नव्हता. शिंगे म्हणावीत तर ते दोन उघडे कातळ होते, पाठ म्हणावी तर तिच्यावर साग वाढलेला. जवळ आल्यावर बैल विरघळून गेला होता आणि त्याच्या जागी माती, दगड आणि झाडे उरली होती. अखेर त्या दोन कातळांवरून त्याने दिशा धरली आणि स्कूटर एका पाड्याशी येऊन थांबली.

पाड्यावर भात झोडून झाले होते. लाडकी नावाची एक वयस्क बाई विळा आणि दोरी घेऊन गवत कापायला डोंगरावर निघाली होती. कमलाकांताने तिला मान आणि पाठ यांच्यामधली खाच हाताने दाखवली आणि तिथे जायचे आहे म्हणून सांगितले.

"ती खिंड? मी तिकडंच चालली. या मागनं," लाडकी म्हणाली. "कोळी का तू, बाबा?"

"मांगेला. कशावरना ओळखलास?"

"पिशवीला वास हाय ना बोंबलाचा."

चढ सुरू झाला. लाडकी पुढे, मध्ये कमलाकांत, मागे किंजल. वाट गवतातून जात होती आणि गवत कमरेइतके होते. कमलाकांत पाय जमिनीला घासत, दोन्ही बाजूंना तोल सांभाळत चालला होता.

"होडीत चालतास तसा चालू नको," लाडकी मागे न पाहता म्हणाली. "हा डोंगर हाय, हलत नाय. पाय उचल."

हलत नाही, हे शब्द त्याला पटले नाहीत. पण परक्या गावात देवावरून वाद घालू नये, म्हणून त्याने नुसता पाय उचलला.

पहिल्या टप्प्यावर त्याला धाप लागली. किंजलने त्याला एका दगडावर बसवले, पाणी दिले आणि त्याचा जीव रमावा म्हणून बोलत राहिली. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, असे ती म्हणाली.

"भरतीच्या का सुकतीच्या?"

"दोन्हींच्या मधली धरतात."

"मधला पानी कंदी ठरून ऱ्हातो काय?"

"नाय ऱ्हात. हिशोबाला धरायचा."

ज्यांना त्या पाण्यात जायचे नसते त्यांना असे पाणी चालत असावे, असे कमलाकांताला वाटले. ती पुढे सांगू लागली.

"नुसत्या उंचीवर नसतं, आजा. उठाव पण बघतात. असं समज, समुद्र चढत चढत हितपर्यंत आला. गावं बुडाली, शेतं बुडाली. चढता चढता एक वेळ अशी येते का हा डोंगर त्याच्याहून मोठ्या डोंगरापासून तुटतो आणि त्याचं बेट होतं. तेव्हा पाण्याच्या वर जेवढा उरला, तेवढा त्याचा उठाव. केरळात अनैमुडी हाय. हिमालयाच्या मानानं बुटका. पन आजूबाजूला मोठा कोन नाय, कुनाच्या खांद्यावर बसलेला नाय. म्हणून उठावात तो हिमालयातल्या भल्याभल्यांच्या पंगतीला बसतो."

लाडकी विळ्याला धार लावत ऐकत होती. "मंग माज्या जावयाला उठाव नाय," ती म्हणाली. "तो बापाच्या खांद्यावरना अजून उतरलाच नाय."

किंजल खळखळून हसली. कमलाकांतही हसला, आणि त्या हसण्यात गुडघ्यांना थोडी विश्रांती मिळाली. डोंगराचे बेट होण्याची कल्पना त्याला आवडली होती. पाणी चढवून मोजायचे, हे कुणातरी समुद्र पाहिलेल्या माणसाने ठरवले असले पाहिजे.

दुपार होण्यापूर्वी ते खिंडीत पोचले. शेवटचा चढ किंजलने त्याला जवळजवळ ओढूनच आणले. डावीकडे मान वर गेली होती, उजवीकडे पाठ पसरली होती. म्हणजे आता समोर, दोन पावलांवर, वशिंडाचा चढ लागायला हवा. कमलाकांत खिंडीच्या पूर्वेच्या कडेशी गेला आणि थांबला.

समोर चढ नव्हता. जमीन खाली जात होती. खाली जंगल, जंगलाखाली कापलेली भातखाचरे, त्यांच्यापलीकडे महामार्ग. त्यावरून ट्रक मुकाट्याने सरकत होते. आवाज एवढ्या वर येत नव्हता. महामार्गापलीकडे सूर्या नदीचा एक चमकता तुकडा, मग पुन्हा शेते, पाडे, झाडी. आणि त्या सगळ्याच्या पार पलीकडे, आपल्या स्वतःच्या पायांवर उभा, एक वाटोळा, भरदार माथ्याचा डोंगर.

ती गोलाई ओळखायला कमलाकांताला क्षणही लागला नाही.

"वशिंड कुटं हाय?" तरी त्याने विचारले.

किंजलने समोर पाहिले, मग मागे समुद्राच्या दिशेला पाहिले, आणि तिच्या ध्यानात आले. तिने आवाज हळू केला. "आजा, तो येगळा डोंगर हाय. ह्याच्याहून उंच. लांबून बघितला का ह्याच्या मागून वर येतो."

"पानी भर," कमलाकांत म्हणाला.

"काय?"

"मगाशी सांगलास तसा. समुद्र चढव."

तिने खालच्या खोऱ्याकडे पाहिले. "महामार्ग बुडाला. शेतं बुडाली. मग…"

"बेटं किती?"

"दोन."

"आन मधून?"

"मधून होडी जाईल, आजा."

कमलाकांत खिंडीच्या कडेशी खाली बसला. होडी किनाऱ्याला समांतर जाऊ लागली की जवळचा माड मागे पडतो आणि दूरचे देऊळ सोबत चालते, हे त्याने आपल्या हाताखाली तयार झालेल्या प्रत्येक खलाशाला शिकवले होते. दोन खुणा एकमेकींवरून सरकतात कारण आपण सरकतो. ही तर विद्येची पहिली पायरी. ती विद्या त्याने दीपस्तंभाला लावली, देवळाच्या कळसाला लावली, पाण्याच्या टाकीला लावली. नंदीला लावली नाही. देवाच्या बाबतीत अशी चौकशी करण्याचे त्याच्या मनातच आले नव्हते. त्याच्या बापाच्या नाही, आजाच्याही नाही.

"हलत होतो ते आमीच," तो म्हणाला.

लाडकीने विचारले तेव्हा किंजलने तिला नवसाची हकीकत सांगितली. लाडकीने ती शांतपणे ऐकली.

"तो मोठोबा," ती पलीकडच्या डोंगराकडे बोट करून म्हणाली. "माज्या माहेरचा. आमी ह्याला धाकला म्हंतो न त्याला थोरला. तुमाला ते एक दिसले, यात तुमचा काय दोष? भावाभावांत कंदी कंदी दिसतो एकोपा."

"आजा, पुढच्या रविवारी महामार्गानं जाऊ तिकडं," किंजल म्हणाली. "पायथ्यापर्यंत स्कूटर जाईल."

कमलाकांताने गुडघ्यावर हात ठेवला. उतरणे बाकी होते, आणि उतरल्यावर हे पाय पुन्हा चढणार नाहीत, हे त्याला कळत होते. किंजलने मग आपण एकटी जाऊन नारळ फोडते म्हणून सांगितले.

"नवस होडीतल्या हाताचा हाय," तो म्हणाला. "होडीतला हात आता हा एकच उरला."

त्याने नारळ पिशवीतून काढला आणि दोन्ही हातांत धरून बसून राहिला. मनाशी त्याचा हिशोब चालला होता. वशिंडावर फोडू, असा शब्द दिला होता. वशिंड पलीकडे होते. पण त्या वादळात एकटे वशिंड दिसले असते तर काय कळले असते? ते खाचेत बसलेले दिसले, म्हणून वाट कळली. खाच इथली, वशिंड तिथले. होडीला आत आणले ते दोघांनी, एकमेकांच्या मागे उभे राहून. मग एकाला देऊन दुसऱ्याला वगळणे धर्माला धरून होईल का?

"बाय, तू थोरल्याकडं कंदी जातेस?" त्याने लाडकीला विचारले.

"गवताचा काम उरकला का. नवा भात देवाला दावायला जावाच लागतो."

"माजा अर्धा नेशील?"

"अर्धाच?"

"फोडतो होडीतला हात. न्यायला कुनाचाबी चालंल."

असा नियम शास्त्रात आहे की नाही, कोण जाणे. तो त्याने तिथल्या तिथे केला; आणि तांडेलाने केलेला नियम मोडण्याची त्या गावात रीत नाही, मग तो भर समुद्रात केलेला असो की डोंगराच्या खिंडीत.

टोपी काढून त्याने आधी जवळच्या मानेला आणि मग दूरच्या माथ्याला नमस्कार केला. त्या होडीतल्या तिघांची नावे घेतली, रामनाथाचे शेवटी. मग एका उंचवट्यावरच्या खडकावर नारळ आपटला. पाणी खडकावरून दोन्ही उतारांना गेले. एक अर्धा त्याने तिथेच, खाचेच्या मधोमध ठेवला. दुसरा लाडकीच्या हातात दिला. तिने तो हुंगून पाहिला, सागाच्या पानात गुंडाळला आणि पदरात बांधला.

"बायडीआजीला काय देशील?" किंजलने विचारले.

कमलाकांत उठला आणि समुद्राच्या बाजूने उतरू लागला.

संध्याकाळी ते गावात पोचले तेव्हा बायडी आपल्या ओटीसमोर काठ्यांच्या मांडवावरून वाळलेले बोंबील काढत होती. तिचा मुलगा दर्पण टोपली धरून उभा होता. तिची नजर आधी कमलाकांताच्या पिशवीवर गेली.

"फुटला?"

"फुटला."

"द्या मग."

"नाय आणला, वयनी."

आणि त्याने सगळे सांगितले. वाटेत त्याला वाटले होते की घरातला दुसरा एखादा नारळ फोडून अर्धा हिच्या हाती ठेवावा. कुणाला कळणार होते? पण ज्याला शब्द दिला त्याच्या दारात उभे राहून ते जमले नाही. त्याने खिंड सांगितली, खोरे सांगितले, पलीकडचा डोंगर सांगितला. वशिंड हलत नाही, हेही सांगितले.

दर्पण म्हणाला, "काका, आमी तर आता जीपीएसवरच येतो," आणि आईचा चेहरा पाहून टोपलीतले बोंबील सारखे करू लागला.

बायडी खाली बसली. "म्हंजे बाजेवर पडून तो हात जोडत होता, ते कुनाला?" तिने विचारले. "हितना दिसतो तो निसता डोसका. वशिंड आमी बायकांनी कंदी बगितलाच नाय. तुमी सांगलात, आमी मानला."

"दोघांना," कमलाकांत म्हणाला. "एकामागं एक हायत, वयनी. पुढल्याला हात जोडले का मागल्यालाबी लागतात. म्हणून तर इतकी वर्सं कळला नाय."

ती काही वेळ हातातल्या बोंबलाची शेपटी मोडत राहिली.

"ती बाय कोन?"

"लाडकी नावाची हाय. तो तिच्या माहेरचा देव."

"नेल कंदी?"

"गवत उरकला का."

"वरसाच्या आदी?"

कमलाकांत खाली पाहू लागला. दिवस कोणता, हे तो विचारायलाच विसरला होता. ज्या एका गोष्टीसाठी तो डोंगर चढला तीच विचारायची राहिली होती. "इचारला नाय, वयनी."

"काय घेतला तिनं, न्यायचा?"

"काय नाय. बोललीबी नाय तसा."

बायडी उठली, बोंबील टोपलीत टाकले आणि टोपली दर्पणच्या हातून घेतली. "चला, जमना वाट बघत असंल," एवढेच ती म्हणाली. ती रागावली की नाही, हे कमलाकांताला तिच्या आवाजावरून कळेना. पुढले दिवस तो त्या दारावरून जाताना मान खाली घालून जाई.

वर्षश्राद्धाच्या दिवशी त्याला बोलावणे आले. रामनाथाच्या ओटीवर दर्भ, तीळ, पाणी मांडलेले होते. दर्पण सोवळ्याने बसला होता. रामनाथासाठी वाढलेल्या केळीच्या पानावर भात होता, वडे होते, त्याच्या आवडीची भाजी होती; आणि उजव्या कोपऱ्यात एका नारळाच्या भकलाएवढी जागा कुणीतरी हाताने पुसून मोकळी ठेवली होती.

पालघरहून आलेल्या भटजींची नजर त्या जागेवर गेली. "इथे काय राहिले?" त्यांनी विचारले.

"परसाद," बायडी दारातून म्हणाली.

"मग आणा तो. पान अपुरे ठेवून संकल्प कसा सोडायचा?"

भटजींनी कमलाकांताकडे पाहिले, कारण सगळेच त्याच्याकडे पाहत होते. त्याने तोंड उघडले, पण बायडीने त्याला बोलू दिले नाही.

"वाटेवर हाय तो, भटजी," ती म्हणाली. "थोरल्या डोंगरावर चाललाय. तुमी सुरू करा."

भटजींनी दर्पणच्या ओंजळीत पाणी घातले आणि रामनाथाच्या नावाचा उच्चार केला.